सिंगापूरच्या सेंट अँड्र्यूज देवळांतील एक वर्ष

इतिहासांत कांहीं वर्षें अशीं येतात कीं, त्यांत राज्यें कोसळतात, नकाशांचे रंग बदलतात आणि सेनापतींचीं नांवें शाळकरी मुलांच्याही तोंडीं बसतात. परंतु त्याच वर्षीं त्याच शहरांतील एखाद्या देवळांत काय घडत होतें, दर रविवारीं तेथें येणाऱ्या सामान्य माणसांनीं तें वर्ष कसें काढलें, हें सांगावयास सहसा कोणी बसत नाहीं. आज अशाच एका देवळाची एका वर्षाची हकीकत मी आपणांपुढें मांडणार आहें. देऊळ आहे सिंगापूरचें सेंट अँड्र्यूज. पंथ आंग्लिकन, म्हणजे इंग्लंडांत जी राजमान्य आहे त्या ख्रिस्ती मंडळीचा. आणि वर्ष आहे १९४२ च्या फेब्रुआरीपासून १९४३ च्या मार्चपर्यंतचें. आपल्याकडील ख्रिस्ती बांधव आपल्या प्रार्थनास्थानास ‘देऊळ’, उपासकांच्या समुदायास ‘मंडळी’ आणि धर्मोपदेशकास ‘पाळक’ म्हणतात. तेच घरगुती शब्द मीही येथें वापरीन.

या देवळांत इंग्रज येत, चिनी येत, तमिळ येत, सिंहली येत आणि ज्यांच्या अंगांत दोन्ही खंडांचें रक्त आहे असे युरेशियनही येत. सर्व माणसें एकाच पित्याचीं लेंकरें, हें वाक्य तेथें दर आठवड्यास कोणत्या ना कोणत्या भाषेंत उच्चारलें जाई. पण वाक्य उच्चारणें सोपें. राज्यकर्ता आणि रयत एका छपराखालीं आले म्हणजे तें आचरणें कठीण. घर बांधलें कोणीं, त्यांत मालक म्हणून वावरलें कोण, आणि घराला आग लागली तेव्हां तें सांभाळलें कोणीं, हे तीन प्रश्न आपण मनांत ठेवूं. त्या एका वर्षानें तिन्ही प्रश्नांचीं उत्तरें मागितलीं.

पहिला प्रश्न बांधणाऱ्यांचा. रॅफल्ससाहेबानें १८१९ मध्यें सिंगापुरास इंग्रजांचें ठाणें घातलें. तेथील पहिलें आंग्लिकन देऊळ १८३६ च्या सुमारास उभें राहिलें. त्यावर पुढें मनोरा चढवला. त्यावर १८४५ आणि १८४९ अशी दोनदां वीज पडली आणि १८५२ मध्यें तें धोक्याचें ठरवून बंद करावें लागलें. आज जें देऊळ दिसतें त्याचा पाया ४ मार्च १८५६ या दिवशीं कलकत्त्याच्या बिशपांच्या हस्तें घातला गेला. कलकत्त्याच्या बिशपांचा संबंध काय, असें कोणी विचारील. तर त्या काळीं सिंगापूर हें हिंदुस्थान सरकारच्याच अमलाखालीं होतें आणि तेथील ख्रिस्ती मंडळी कलकत्त्याच्या धर्मप्रांतांत मोडत असे. नकाशा काढला रोनाल्ड मॅकफर्सन या लष्करी अधिकाऱ्यानें. इंग्लंडांतील नेटली येथील पडक्या मठाचा नमुना त्यानें डोळ्यांपुढें ठेवला होता. आणि बांधणारे हात? ते होते हिंदी कैद्यांचे.

काळें पाणी म्हटलें कीं आपल्या मनांत अंदमान उभें राहतें. पण अंदमानची वसाहत १८५८ ची. त्याच्या आधींपासून हिंदुस्थानांतील जन्मठेपेचे कैदी पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर येथें पाठवले जात. सिंगापुरास ते १८२५ पासून येऊं लागले आणि १८७३ पर्यंत तेथें त्यांची वसाहत होती. मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांतील माणसें त्यांत असत. चांगली वर्तणूक दाखवणाऱ्या कैद्याला पायरीपायरीनें वर चढवून इतर कैद्यांवर पहारेकरी नेमण्याची तेथें पद्धत होती. त्यांच्यांतून गवंडी, सुतार, लोहार, वीटकाम करणारे असे कारागीर तयार झाले आणि अर्धें सिंगापूर त्यांनीं बांधलें, असें म्हटलें तर फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

या देवळाच्या भिंतींना आंतून जो गिलावा आहे त्याला मद्रासी चुना म्हणतात. त्याची कृति ऐकण्यासारखी आहे. शिंपल्यांच्या चुन्यांत वाळू न घालतां अंड्याचा पांढरा बलक आणि भरड साखर घालून तो घोटून घोटून त्याचा लगदा करीत. मग नारळाचीं सोडणें ज्यांत भिजत घातलीं आहेत असें पाणी त्यांत मिसळीत. हा गिलावा सुकला म्हणजे स्फटिकाच्या गोट्यांनीं घासघासून त्याला झिलई आणीत. ही विद्या इंग्लंडची नव्हे. ती दक्षिण हिंदुस्थानांतील गवंड्यांची. पायांत बेडी घेऊन समुद्रापार गेलेल्या माणसांनीं ती तेथें नेली. १ ऑक्टोबर १८६१ रोजीं या देवळांत पहिली उपासना झाली, २५ जानेवारी १८६२ रोजीं त्याची प्रतिष्ठापना झाली आणि १८७० मध्यें त्यास कॅथीड्रलचा, म्हणजे धर्मप्रांताच्या मुख्य देवळाचा मान मिळाला. पूर्वेकडील रंगीत कांचेची खिडकी रॅफल्सच्या स्मरणार्थ आहे. ज्यांच्या हातांनीं भिंती चढल्या त्यांच्या नांवाची खिडकी अर्थातच नाहीं.

दुसरा प्रश्न मालकीचा. सन १८५६ च्या पेंटेकॉस्टच्या दिवशीं येथील पाळकांनीं, मंडळीनें आसपासच्या आशियाई लोकांकडे लक्ष द्यावें असा उपदेश केला आणि त्यांतून एक मिशन निघालें. पेंटेकॉस्टचा दिवस या कामास अगदीं योग्य होता. ख्रिस्ताचे शिष्य बोलूं लागले आणि देशोदेशींच्या लोकांना तें बोलणें आपापल्या भाषेंत ऐकूं आलें, अशी त्या सणामागील कथा आहे. या मिशनाला खरें स्थैर्य आलें तें १८७२ मध्यें विल्यम हेन्री गोमेस आल्यावर. हे गृहस्थ मूळचे सिंहलद्वीपचे, शिकलेले कलकत्त्याच्या बिशप्स कॉलेजांत, आणि त्यापूर्वीं बोर्निओंत काम केलेले. त्यांच्या वेळीं १८७५ मध्यें स्टॅमफर्ड रस्त्यावर सेंट पीटर्स नांवाचें छोटें देऊळ झालें आणि तेथें चिनी व तमिळ मंडळ्या भरूं लागल्या. पुढें चिनी लोकांतही हॉक्किएन बोलणाऱ्यांची वेगळी, कँटनी बोलणाऱ्यांची वेगळी, फूचौकडील लोकांची वेगळी अशा उपासना सुरू झाल्या. तमिळांची तर होतीच.

हें सारें चांगलेंच झालें; ज्याला ज्या भाषेंत आईनें निजवलें त्या भाषेंत त्यानें प्रार्थना करावी, यांत गैर कांहींच नाहीं. परंतु भाषेची सोय आणि रंगाची पायरी या दोन गोष्टी एकमेकींत सहज मिसळतात. थोरल्या देवळांत गव्हर्नर, न्यायाधीश, पेढ्यांचे साहेब आणि लष्करी अधिकारी. लहान देवळांत बाकीचे, असा क्रम पडून गेला. बिशप इंग्रज, मुख्य पाळक इंग्रज, हिशेब इंग्रजांच्या हातीं. कोणी कोणास ‘येऊं नका’ असें म्हणण्याची गरज नव्हती. जो तो आपली जागा ओळखून होता. वसाहतीच्या राज्यांत अशा गोष्टी लिहाव्या लागत नाहींत.

अशा स्थितींत १९४१ च्या जुलैंत जॉन लेनर्ड विल्सन हे सिंगापूरचे बिशप झाले. तत्पूर्वीं ते हाँगकाँगच्या कॅथीड्रलचे मुख्य होते. नव्या पदावर त्यांस पुरते पांच महिनेही मिळाले नाहींत. ८ डिसेंबर १९४१ च्या पहांटे सिंगापुरावर जपानी विमानांनीं पहिले बाँब टाकले. दोन महिन्यांच्या आंत मलायाचें सगळें द्वीपकल्प जपान्यांच्या हातीं गेलें. शेवटच्या दिवसांत इस्पितळें इतकीं भरलीं कीं सेंट अँड्र्यूज देवळालाच इस्पितळ करावें लागलें. जेथें प्रभुभोजनासाठीं माणसें गुडघे टेकीत तेथें जखमी माणसें जमिनीवर निजवलीं गेलीं. त्या वेळीं कोण कोणत्या रंगाचा आणि कोणाची जागा कोणती, हें पाहण्यास कोणासच सवड नव्हती.

१५ फेब्रुआरी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. त्या दिवशीं तीन पंचांगें एकत्र आलीं होतीं. इंग्रजी पंचांगाप्रमाणें तो रविवार. चिनी पंचांगाप्रमाणें तो वर्षाचा पहिला दिवस. घरोघरीं गोडधोड आणि मुलांच्या हातीं लाल पाकिटें द्यावयाचीं, तो सण. आणि ख्रिस्ती पंचांगाप्रमाणें तो उपवासकाळापूर्वींचा शेवटचा रविवार. संध्याकाळीं बुकित तिमा रस्त्यावरील फोर्ड मोटारीच्या कारखान्यांत इंग्रज सेनापतीनें शरणपत्रावर सही केली आणि ऐंशी हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. साम्राज्याचा अभेद्य किल्ला म्हणून ज्याची ख्याति, तो सत्तर दिवसांत गेला.

त्यानंतरचा मंगळवार, १७ फेब्रुआरी, हा हिंदी श्रोत्यानें नीट ध्यानांत घ्यावा असा आहे. देवळाजवळ पदांग नांवाचें विस्तीर्ण मैदान आहे. तेथें इंग्रज साहेब क्रिकेट खेळत आणि संध्याकाळीं हवा खात. त्या दिवशीं सकाळीं याच मैदानावर शहरांतील सर्व युरोपियन नागरिकांना हजर राहण्याचा हुकूम झाला आणि तेथून त्यांस बंदिवासाकडे पायीं चालवत नेलें. कालचे मालक सामानाचें गांठोडें हातांत घेऊन उन्हांत चालत होते आणि रस्त्याच्या दुतर्फा चिनी, मलायी, तमिळ लोक तें पाहत होते. त्याच दिवशीं शहराच्या दुसऱ्या भागांत फॅरर पार्कवर हजारों हिंदी सैनिक जमा केले गेले आणि इंग्रजांनीं त्यांस जपान्यांच्या स्वाधीन केलें. कॅप्टन मोहनसिंगांनीं तेथें त्यांस आवाहन केलें आणि आझाद हिंद सेनेची पहिली हालचाल सुरू झाली.

तेव्हां देवळांतील तमिळ मंडळीच्या मनांत काय चाललें असेल, याचा विचार करा. ज्यांच्या हातून धर्म मिळाला, शाळा मिळाल्या, ते बंदींत चालले होते. आणि ज्या राज्यानें मायदेश दास्यांत ठेवला, तेंही त्याच माणसांचें होतें. दुःख मानावें कीं सुटकेचा निःश्वास टाकावा? एकाच घरांत बाप एक म्हणत असेल आणि मुलगा दुसरें. असा पेच पडलेल्या माणसांना एका बांकावर बसवून ठेवणें, हें त्या वर्षाचें पहिलें कठीण काम होतें.

दुसऱ्या दिवशीं, बुधवारीं, उपवासकाळ लागला. त्या दिवसास भस्म-बुधवार म्हणतात. माणूस मातीचा आहे आणि मातीसच मिळावयाचा आहे, याचें स्मरण त्या दिवशीं करावयाचें असतें. नेमक्या त्याच दिवशीं जपानी लष्करी पोलिसांनीं चिनी लोकांची छाननी आरंभली. अठरा ते पन्नास वर्षांच्या चिनी पुरुषांना ठराविक नाक्यांवर बोलावून रांगेंत उभें केलें जाई. ज्याच्या हातावर अथवा कपड्यावर तपासल्याचा शिक्का बसला तो घरीं जाई. उरलेल्यांना मालमोटारींत भरून समुद्रकांठीं नेत आणि तेथें ठार करीत. दोन आठवडे हें चाललें. बळींची संख्या जपान्यांनीं मागाहून सुमारें पांच हजार सांगितली. चिनी लोकांचे अंदाज पन्नास हजारांपर्यंत जातात. ख्रिस्ती चिन्यांना त्यांतून सूट नव्हती. त्या वर्षीं उपवासकाळाच्या प्रार्थना म्हणतांना चिनी मंडळीला पुस्तकांतील शब्दांचा अर्थ कोणीं समजावून सांगण्याची गरज उरली नसेल.

आतां कथेंत एक अनपेक्षित माणूस येतो. नव्या सत्तेनें सिंगापुराचें नांव ‘श्योनान’, म्हणजे दक्षिणेचा प्रकाश, असें ठेवलें होतें. तिच्या धर्म व शिक्षण खात्यावर ओगावा नांवाचा एक तरुण लेफ्टनंट नेमला गेला. हा ओगावा जपानी आंग्लिकन मंडळीचा उपासक निघाला! जपानांत आंग्लिकन मंडळी १८८७ पासून संघटित होती आणि स्वतःच्या देशांत ती त्या वेळीं सुखांत नव्हती. सर्व प्रॉटेस्टंट पंथांनीं एका सरकारमान्य संघांत विलीन व्हावें असा तिच्यावर दाब होता. तो न मानणाऱ्या तिच्या कांहीं बिशपांना पुढें तुरुंगही भोगावा लागला. ओगावानें आपल्या अधिकारांत होतें तें केलें. बिशप विल्सन आणि त्यांचे दोन सहकारी, सेंट अँड्र्यूज शाळेचे मुख्याध्यापक ॲडम्स आणि तरुण पाळक हेटर, यांस बंदिवासाबाहेर राहून काम करण्याची मोकळीक त्यानें मिळवून दिली. शत्रूच्या गणवेशांतील हा माणूस प्रार्थनेसाठीं त्यांच्याच पुस्तकाचीं पानें उलटीत असे. गोऱ्या माणसाच्या धर्माला अशी साक्ष एका जपान्यानें द्यावी, हा योग विलक्षणच म्हणावयाचा.

५ एप्रिल रोजीं पुनरुत्थानाचा सण आला. आतां थोरल्या देवळांतील इंग्रजी उपासनेला इंग्रज उरले होते किती? हातांच्या बोटांवर मोजण्याइतके. साहेबलोकांच्या बांकांवर आतां चिनी कारकून, तमिळ शिक्षक, युरेशियन विधवा आणि शाळेंतील मुलें बसूं लागलीं. कालपर्यंत ज्याला इंग्रजांचें देऊळ म्हणत, तें कोणताही ठराव न होतां, कोणतीही सभा न भरतां, त्या गांवच्या माणसांचें झालें. पूर्वेच्या खिडकींतील रॅफल्सच्या नांवावरून गळणारा उजेड आतां निराळ्याच चेहऱ्यांवर पडत होता.

शहरांतील जिणें मात्र दिवसेंदिवस बिकट होत चाललें. घड्याळें तोकियोच्या वेळेवर लावण्याचा हुकूम झाला. २९ एप्रिलला जपानी सम्राटाचा वाढदिवस. त्या दिवशीं शाळकरी मुलांकडून जपानी गाणीं म्हणवून घेतलीं गेलीं. जूनमध्यें चिनी समाजाकडून पांच कोटि डॉलरांची ‘भेट’ उकळली गेली. केळीच्या झाडाचें चित्र असलेल्या जपानी नोटांना लोक केळीचा पैसा म्हणूं लागले आणि त्याची किंमतही केळीच्या सालीसारखी घसरत गेली. तांदूळ मापून मिळूं लागला. भाताच्या जागीं टॅपिओका, म्हणजे साबुदाण्याचा कंद, पानांत आला. आंग्लिकन प्रार्थनापुस्तकांत इंग्लंडच्या राजासाठीं प्रार्थना ठायीं ठायीं आहेत. शत्रूच्या अमलांत त्या मोठ्यानें म्हणणें म्हणजे संकटास आमंत्रण. तेव्हां राजाचें नांव वगळून जी उरली ती प्रार्थना कोणाची, हा प्रश्न आपोआपच पुढें आला. उत्तर साधें होतें: रोजची भाकर मागणाऱ्यांची.

या वर्षांत बिशप विल्सन यांनीं जें केलें त्यांत मला दूरदृष्टि दिसते. आपणांस मिळालेली मोकळीक उधारीची आहे, ओगावासारखा एक अधिकारी बदलला कीं ती संपेल, हें ओळखून त्यांनीं कारभार आशियाई पाळकांच्या हवालीं करण्याची तयारी चालवली. एरवीं ज्या गोष्टीला शांततेच्या काळांत आणखी वीस वर्षें लागलीं असतीं आणि जिच्यासाठीं कमिट्या बसल्या असत्या, ती त्या संकटानें एका वर्षांत करवून घेतली. हें श्रेय केवळ बिशपांच्या उदारपणाचें नव्हे, हेंही प्रांजळपणें सांगितलें पाहिजे. इंग्रज पाळक शिल्लकच नव्हते, म्हणून जागा रिकाम्या झाल्या. पण रिकाम्या जागेवर बसण्यास योग्य माणसें तयार होतीं, हें सत्य आधीं कोणीं डोळे उघडून पाहिलें नव्हतें. तें आतां पाहणें भाग पडलें.

अशा माणसांत अग्रगण्य होते डॉ. डी. डी. चेल्लय्या. हे तमिळ गृहस्थ सेंट अँड्र्यूज शाळेंत शिक्षक, आणि पुढें पाळक झालेले. स्ट्रेट्स सेटलमेंट्समधील शिक्षणधोरणाच्या इतिहासावर त्यांनीं संशोधन केलें होतें. त्यांचा तो ग्रंथ १९४७ मध्यें प्रसिद्ध झाला. त्यांत त्यांनीं नव्या शिक्षणपद्धतीसंबंधीं सूचना केल्या आहेत आणि ती पद्धति लोकांच्या मातृभाषांवर उभारावी असें त्यांचें मत आहे. मातृभाषेच्या शिक्षणासाठीं आपल्या महाराष्ट्रांत ज्यांनीं वाद घातले त्यांना हा दूरदेशचा तमिळ मास्तर आपलाच वाटावा. इंग्रजी उत्तम जाणणारा आणि तरीही मायबोलीची किंमत ओळखणारा असा मनुष्य बहुभाषी मंडळीच्या कारभारास मिळावा, हें त्या मंडळीचें भाग्यच.

नाताळ गेला, चिनी नवें वर्ष पुन्हां आलें. मार्च १९४३ मध्यें दुसरा उपवासकाळ लागला, आणि त्याच महिन्यांत बिशपांची मोकळीक संपली. विल्सन, ॲडम्स आणि हेटर या तिघांनाही चांगीच्या तुरुंगांत नेण्यांत आलें. जातांना बिशपांनीं मंडळीचा भार डॉ. चेल्लय्यांवर सोंपवला. हिंदी कैद्यांनीं बांधलेल्या देवळाची जबाबदारी अशा रीतीनें एका हिंदी वंशाच्या माणसाच्या हातीं आली. फरक इतकाच कीं, या वेळीं कैदी झाला होता तो बिशप.

आपलें वर्ष येथें संपतें. परंतु त्या वर्षाचा कस पुढें लागला, म्हणून दोन गोष्टी सांगितल्याविना थांबतां येत नाहीं.

५ जुलै १९४३ रोजीं देवळाशेजारच्या त्याच पदांगवर नेताजी सुभाषचंद्र बोस यांनीं आझाद हिंद सेनेची मानवंदना घेतली. १७ फेब्रुआरीला जेथून साहेब बंदींत गेले, तेथून आतां दिल्लीकडे कूच करण्याची घोषणा निघाली. आणि त्यानंतर तीन महिन्यांनीं, मण्यारीचें इंग्रजी नांव धारण करणाऱ्या एका छोट्या बोटींतून आलेल्या दोस्तांच्या तुकडीनें सिंगापूरच्या बंदरांतील जपानी जहाजांना सुरुंग लावले. चांगींतील बंदिवानांचाच यांत हात असला पाहिजे, अशी जपानी लष्करी पोलिसांची समजूत झाली. १० ऑक्टोबरपासून धरपकड सुरू झाली. सत्तावन माणसें पकडलीं गेलीं आणि त्यांपैकीं पंधरा कोठडींत मेलीं. १७ ऑक्टोबरला बिशप विल्सन यांनाही नेलें. या कटांत त्यांचा कांहींएक भाग नव्हता. तीन दिवस त्यांस मारहाण करण्यांत आली. आठ महिने ते कोठडींत राहिले आणि मग परत चांगींत आले.

युद्ध संपल्यावर, ऑक्टोबर १९४६ मध्यें, त्यांनीं लंडनच्या नभोवाणीवरून या दिवसांविषयीं भाषण केलें. मारणाऱ्यांचे चेहरे पाहतांना, हीं माणसें लहान मुलें असतांना कशीं दिसत असतील असें चित्र आपण मनापुढें आणीत होतों, कारण लहान मुलाचा द्वेष करणें कठीण असतें, अशा आशयाचें त्यांचें सांगणें होतें. पुढच्या वर्षीं ते चांगींत गेले तेव्हां त्यांच्या छळकर्त्यांपैकीं एक जण दृढीकरणाच्या विधीसाठीं, म्हणजे मंडळींत पुरतेपणीं प्रवेश घेण्यासाठीं, त्यांच्यापुढें आला आणि त्याच्या मस्तकावर त्यांनीं हात ठेवला. कांहींना ही गोष्ट अलौकिक वाटेल. मला ती त्या १९४२ सालाच्या देवळांतील उपासनांचीच पुढची पायरी वाटते. ओगावाबरोबर एका पुस्तकांतून प्रार्थना म्हटलेल्या माणसाला सगळे जपानी एकच, असें म्हणणें शक्य राहिलें नव्हतें.

या काळांत डॉ. चेल्लय्या आणि त्यांचे सहकारी यांनीं काय केलें? खरें सांगावयाचें तर, चित्तथरारक असें कांहीं नाहीं. रविवारीं उपासना झाली. मुलांना दीक्षा दिली, मेलेल्यांना मूठमाती दिली, जिचा नवरा छाननींत गेला तिच्या घरीं कोणी जाऊन बसलें. अडीच वर्षें घर चालू राहिलें. नाट्य नाहीं म्हणून इतिहासकार अशा कामाकडे वळत नाहींत, आणि स्मारकाच्या खिडक्याही त्यासाठीं कोणी लावीत नाहीं. पण घर सांभाळणें म्हणजे हेंच. दुसरें कांहीं नव्हे.

१२ सप्टेंबर १९४५ रोजीं देवळाशेजारच्या नगरभवनांत जपानी सेनेनें शरणागति दिली आणि इंग्रज परत आले. बांकांवर साहेब पुन्हां दिसूं लागले, बिशपही पुन्हां इंग्रजच राहिले. मात्र आशियाई माणसें हा भार पेलूं शकतील काय, हा प्रश्न आतां कोणी विचारूं शकत नव्हतें; त्याचें उत्तर देऊन झालें होतें. चांगींतील बंदिवासांत निरनिराळ्या पंथांचे पाळक एकत्र राहिले. त्यांच्या तेथील विचारविनिमयांतून १९४८ मध्यें सिंगापुरास सर्वांचें एक धर्मशिक्षणाचें महाविद्यालय निघालें. १९६६ मध्यें चिउ बान इत हे सिंगापूरचे पहिले आशियाई बिशप झाले. संकटानें एका वर्षांत शिकवलेला धडा अमलांत आणण्यास शांततेला वीस वर्षें लागलीं, हेंही नोंदवून ठेवावें.

सन १९९८ च्या ऑगस्टच्या ६ तारखेस, म्हणजे हिरोशिमाच्या स्मरणदिनीं, जगांतील आंग्लिकन बिशपांची परिषद इंग्लंडांत भरली असतां विल्सन यांच्या कन्येनें तेथें प्रवचन केलें आणि उपासनेचें पौरोहित्य जपानी बिशपांकडे होतें. बापाच्या पाठीवरचे वळ आणि हिरोशिमाची राख या दोहोंचें स्मरण एकाच प्रार्थनेंत झालें.

आजही तें देऊळ उभें आहे. भोंवतीं गगनचुंबी इमारती झाल्या आहेत, त्यांत तें ठेंगणें दिसतें. पण पांढरें शुभ्र आहे. इंग्रजी, चिनी, इंडोनेशियन अशा अनेक भाषांत तेथें उपासना होतात. आपल्यापैकीं कोणी सिंगापुरास गेलें, तर पूर्वेकडील खिडकी अवश्य पाहावी. मग दोन पावलें बाजूला होऊन भिंतीवरून हात फिरवावा. अंड्याचा बलक, साखर आणि नारळाच्या सोडणांचें पाणी घालून घोटलेला तो चुना कोणीं घोटला, त्याचें नांव आपणांस कोठेंही वाचावयास मिळणार नाहीं. खिडकीवर नांव आहे तो मालक म्हणवीत होता. भिंत ज्यांनीं बांधली आणि वेळ आली तेव्हां ज्यांनीं ती धरून ठेवली, त्यांच्यामुळें तें घर उभें राहिलें.